शिबिराचे थेंब

माझा स्वभाव तडकफडक आहे हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौलमध्ये ओटीवर शिलाई मशीन घेऊन बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवते आणि कुणी मूर्खपणा केला की तोंडावर सांगते. पण काशीमावशीने जे केलं ते माझ्या डोळ्यांदेखत, हसतखेळत झालं, आणि मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. नंतर कळलं तेव्हा मी जी हबकले ती आजवर सावरलेली नाही.

काशीमावशी माझ्या नात्यातली नाही. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक मेंदीचं कुंपण आहे, एवढंच नातं. आळीतले लहानथोर तिला मावशीच म्हणतात, पण ती खरी मावशी एकट्या चांगदेवची. चांगदेव रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेलेला. बहिणीचं दिवसकार्य उरकेपर्यंत राहते म्हणून ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली आणि ती ट्रंक पुन्हा उचललीच नाही. पोराला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, शाळेतून पळून आला तेव्हा बडवलं, वेळेवर ठमीसारखी चांगली मुलगी बघून लग्न लावून दिलं. तरी त्याने तिला कधी आई म्हटलं नाही. कुणी शिकवायला गेलं तर तीच डाफरायची, "आय गेली ती त्याची आय. मी मावशी हाय. ती काय कमी असते व्हय?"

चांगदेव पोफळीवर चढतो. हे काम ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगते. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, सरळसोट उंच, दोन तळव्यांत मावेल एवढ्या बुंध्याचं. चढणारा शेंड्यापर्यंत जातो, कोयत्याने सुपारीचा घड कापतो आणि दोरावरून खाली घसरत सोडतो. मग तो खाली उतरत नाही. तिथेच अंगाला झोके देतो, पोफळ वाकते, आणि बाजूच्या पोफळीचा शेंडा टप्प्यात आला की या झाडावरचे हात सोडून तो ते झाड धरतो. अशी अख्खी वाडी तो वरच्या वर फिरतो. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि अशी किंचाळले की माझी सासू हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

खाली दोराचं टोक धरायला कायम काशीमावशी. वरून चांगदेव हाक मारणार, "सोडतोय गोऽऽ" आणि खालून मावशी म्हणणार, "सोड रंऽऽ". तिची हाक आल्याशिवाय त्याने कधी घड सोडला नाही. ती समोर उभी दिसत असली तरीही नाही. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, तू दिसतेस की त्याला. एवढं बोंबलायचं कशाला?"

"तो माज्याकडं बघत न्हाय, बाय," ती म्हणाली. "त्याचे डोले फुडच्या झाडावर असतात. मी खाली हाय का न्हाय, ते त्याला हाकेनंच कलतंय."

मग मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिला वरचं काही दिसेना. कावळा ओरडला तरी ती "सोड रं" म्हणायची आणि वरून चांगदेव हसत सुटायचा. शेवटी मोफत शिबिरात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "पूनम, तू एवढी जाडी कवा झालीस गो?" मी चिडले, पण मनातून इतका आनंद झाला की तिला घट्ट मिठी मारली.

ऑपरेशननंतर घालायला एक लहानशी बाटली मिळाली होती. दिवसातून ठरलेल्या वेळी एकेक थेंब, मग हळूहळू कमी, मग बंद. मावशीच्या डोक्यात मात्र वेगळंच बसलं. ऑपरेशन तिने पाहिलं नव्हतं. तोंडावर कापड टाकलेलं, काहीतरी थंड लागलं, ऊठ म्हणाले, उठली. थेंब मात्र घरच्या ओटीवर, ठमीच्या हातून, रोज घातलेले. रोज थोडं जास्त स्वच्छ दिसायला लागलं ते त्या थेंबांनी, अशी तिची पक्की समजूत झाली. बाटली संपल्यावर तिने ती फेकली नाही. औषधाच्या दुकानात जाऊन रिकामी बाटली दाखवली आणि भरलेली घेऊन आली. तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही की बाई, आता कशाला? ती नवी बाटली देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी जाऊन बसली.

त्यानंतर डोळे येण्याची ती मोठी साथ आली. शाळा ओस पडल्या, जो तो काळा चष्मा लावून फिरायला लागला. काशीमावशी ओटीवर पाय पसरून बसली आणि आळीतल्या पोरांना एकेक करून मांडीवर आडवं करत गेली. रडणाऱ्याला गुळाचा खडा, न रडणाऱ्यालाही गुळाचा खडा, आणि दोन्ही डोळ्यांत थेंब. सकाळपर्यंत लाली ओसरायची. माझ्याही डोळ्यांत तिने घातले, आणि मी चारचौघांत त्याची तारीफ केली. साथ आपली आपण येते नि आपली आपण जाते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. श्रेय गेलं बाटलीला. तिला नाव पडलं शिबिराचे थेंब. दुसऱ्या आळीतून, रेवदंड्याहूनसुद्धा बायका यायला लागल्या. मावशीने कुणाला नाही म्हटलं नाही. एवढा मान तिला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो तिला शोभतही होता.

चांगदेवच्या डोळ्याला लागलं ते दिवाळीनंतर, सुपारी काढायच्या दिवसांत. पोफळीच्या पानाच्या बुडाशी चामड्यासारखी जाड साल असते, तिला विरी म्हणतात. पावसात भिजून भिजून काळी पडलेली एक जुनी विरी शेंड्यावर लोंबत होती. तो तिच्याखालून डोकं काढायला गेला आणि तिची वाळकी कड उजव्या डोळ्यावरून खसकन गेली. एवढंच. रक्त नाही, काही नाही. डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं, वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं.

ठमी म्हणाली, "अलिबागला दाखवून येऊ."

"येवड्याशासाठी?" चांगदेव म्हणाला. "मावशी, टाक गो तुजे थेंब."

मावशीने टाकले. एकदा नाही, रोज टाकले, सकाळ-संध्याकाळ, मोठ्या मायेने. डोळा निवळला. ठणका गेला. मी कुंपणावरून डोकावून पाहिलं तर डोळा असा स्वच्छ, जणू कधी काही लागलंच नव्हतं. "बघ," मावशी मला म्हणाली, "डाक्टरकडं गेलो असतो तर उगाच सुया टोचल्या असत्या." मीही मान डोलावली. चांगदेव पुन्हा पोफळीवर चढायला लागला आणि आम्ही सगळे तो विषय विसरून गेलो.

मग एक दिवस, लख्ख उन्हात, तो शेंड्यावरून ओरडला, "मावशे, धुका पडलाय काय गो आज?"

मी वाडीच्या कडेला नारळ निवडत होते. मी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. मावशीने दोर हातातून सोडला आणि म्हणाली, "कसला धुका?"

तो उतरला, तेव्हा मी मोबाइलची बॅटरी त्याच्या डोळ्यावर मारली. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच होता. पण मधल्या काळ्या गोलावर एक राखाडी डाग होता, कडांना पिंजलेल्या कापसासारखा. शिळ्या पावावर असा डाग धरतो. मला धडकी भरली ती डागामुळे नाही, तर एवढं सगळं आत होऊनही डोळा जरासुद्धा लाल नव्हता यामुळे.

त्याच दुपारी रिक्षा करून आम्ही चौघं अलिबागला गेलो. डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, अमिषा तिचं नाव. तिने यंत्राच्या चौकटीत चांगदेवची हनुवटी टेकवली, बराच वेळ आत पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "डोळ्यात काय काय घातलंत?"

काशीमावशीने मोठ्या अभिमानाने कमरेच्या पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि बाटली टेबलावर ठेवली. "किती दिवस घालताय?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "लागला तवापासून. एक दिवस चुकवला न्हाय."

डॉक्टरांनी डोळा बधिर करून त्या डागाचा कणभर भाग खरवडला, काचेवर घेतला, त्यावर काहीतरी टाकलं आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग आम्हाला बोलावलं. आधी मी पाहिलं. मला वाटलं होतं काहीतरी ठिपके दिसतील. दिसले ते धागे. लांब, गाठीगाठीचे, फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले धागे.

चांगदेवने डाव्या डोळ्याने पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"बुरशी," डॉक्टर म्हणाल्या. "झाडावरून आली. त्या सालीवर होती, ती जखमेतून आत गेली."

"जिती हाय?"

"हो. वाढतेय."

"माज्या डोल्यात?"

ठमी मटकन खाली फरशीवरच बसली. आमच्या वाड्यांत पावसाळ्यात कोळेरोग येतो, सुपाऱ्या सडून गळतात, तीही बुरशीच. फवारणी करतात, घडांना प्लास्टिक बांधतात, सगळं चांगदेवच करतो. तसली बुरशी माणसाच्या बुबुळावर फाटे फोडून वाढू शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काशीमावशीला मात्र ते पटेना. "अवो, पन डोला पांढरा व्हता!" ती डॉक्टरांशी भांडायलाच लागली. "लाली न्हाय, सूज न्हाय, ठनका न्हाय. बुरशी असती तर लाल झाला नसता व्हय?"

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची मावशीजवळ ओढली. "मावशी, लाली बुरशीमुळे येत नाही. ती आपलं शरीर आणतं. बुरशी आत शिरली की तिथल्या पेशी तिला ओळखतात आणि बारीक बारीक द्रव्यं सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. निरोपच म्हणा ना. ते निरोप रक्तापर्यंत पोचतात, रक्तवाहिन्या फुगतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत तिथे येतात. त्या बुरशीला मारतात. डोळा लाल होतो, दुखतो, सुजतो, तो या धावपळीमुळे."

"आन् थेंब?"

"या थेंबांत दोन औषधं आहेत. एक जिवाणूंचं. ते बुरशीला काही करत नाही. दुसरं स्टेरॉइड. ते हे निरोप तयारच होऊ देत नाही. तुमच्या ऑपरेशननंतर ते बरोबर होतं, कारण तिथे आत कुणी शिरलेलं नव्हतं, नुसती सूज उतरवायची होती. इथे शत्रू आत होता. निरोप गेलेच नाहीत, मग येणार कोण? लाली गेली, दुखणं गेलं, आणि बुरशीला सगळं रान मोकळं मिळालं."

मावशी टेबलावरच्या बाटलीकडे बघत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे डोल्यानं हाक मारली. आन् मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला."

डॉक्टर म्हणाल्या, "हो."

त्या एका शब्दाचा मला इतका राग आला! म्हातारीला जरा गोंजारून सांगायला काय जात होतं? पण आता वाटतं, त्यांनी तेव्हा गोंजारलं असतं तर पुढे जे झालं ते वेगळं झालं असतं.

डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध दिलं, तासातासाला घालायचं. आणि बजावून सांगितलं, "जुने थेंब आता बंद. त्यामुळे अडवून धरलेलं सगळं एकदम सुटेल. डोळा लाल होईल, भयंकर दुखेल. घाबरू नका. पण मला रोज दाखवायला आणा, कारण हे निरोप फार झाले तरी वाईट. धावून आलेल्या पेशी बुरशीला मारता मारता बुबुळाची काचही खराब करतात. कुठे आवरायचं ते मी बघेन. तुम्ही कुणी ठरवायचं नाही. आणि काही झालं तरी हे थेंब पुन्हा डोळ्यात जाता कामा नयेत. गेले तर डोळा काढावा लागेल."

परत येताना मी रिक्षा औषधाच्या दुकानासमोर थांबवली आणि दुकानदाराला नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मावशी रिकामी बाटली घेऊन आली, मी भरलेली दिली. यात माझं काय चुकलं?" त्याला खरंच कळत नव्हतं. भांडायला गेलेली मी, परत रिक्षात येऊन बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. डोळा रक्तासारखा लाल झाला. पापणी सुजून बंद पडली. चांगदेव एकदा पोफळीवरून पडून गळ्याचं हाड मोडून घेतलेला माणूस, तेव्हा त्याने हूं केलं नव्हतं. आता तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. उजेडाचा कवडसा आला तरी ओरडायचा. ठमी दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी रडत होती, "पांढरा डोला घेऊन गेलो न् लाल घेऊन आलो! त्या बाईनं वाटोला केला माज्या मानसाचा!"

आणि मग आळी जमली. जो तो सांगायला लागला, शिबिराचे थेंब घाल, शिबिराचे थेंब घाल. मावशी म्हणाली, बाटली डॉक्टरकडे राहिली. तर बायका आपापल्या घरी पळाल्या आणि बाटल्या घेऊन आल्या. कुणाच्या फ्रिजच्या दारातून, कुणाच्या देवाजवळून, कुणाच्या शिवणाच्या डब्यातून. तीच बाटली, तेच नाव. मावशीचं बघून प्रत्येकीने घरात आणून ठेवली होती. मी त्या ओटीवर उभी राहून बघत होते. आम्ही एक बाटली समजत होतो, आणि ती घराघरांत होती.

मी ओरडून सगळ्यांना घालवलं. पण कुणीतरी आपली बाटली मावशीच्या हातात ठेवून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी औषधाची नवी बाटली आणायला अलिबागला गेली होती आणि मी सोबतीला बसले होते. चांगदेवचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. ठणक वाढली होती. तो विनवायला लागला. "मावशे, एक थेंब टाक. एकच. मना सोसवत न्हाय गो."

तिने पिशवीत हात घातला आणि ती बाटली काढली.

मला वाटलं मी ओरडेन. एरवी मी कशावरूनही ओरडते, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. तिने टोपण फिरवून काढलं. बाटली त्याच्या डोळ्यावर आणली. चांगदेवने बोटांनी सुजलेली पापणी वर धरली आणि तो वाट बघत राहिला. तिचा हात तिथेच थांबला होता, आणि त्या हाताने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

मग तिने हात बाजूला नेला आणि बाटली जमिनीवर पिळून पिळून रिकामी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

"न्हाय टाकनार," ती म्हणाली.

चांगदेव उठून बसला. दुखण्याने तो वेडा झाला होता, हे मी आधीच सांगते. पण तो जे बोलला ते बोललाच. "तू माजी आय असतीस तर टाकला असतास!"

इतक्या वर्षांत चांगदेवने हा शब्द तिच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. मावशीचा चेहरा एकदम उतरला. तिने ओठ घट्ट मिटले, मग म्हणाली, "असंन," आणि डॉक्टरांची बाटली उचलली. "वेल झाली. वर बघ."

त्याने वर पाहिलं. तिने बुरशीचं औषध घातलं. आणि ते ती घालतच राहिली, दिवसांमागून दिवस, त्याच्या शिव्या खात. डॉक्टर रोज तपासत होत्या. एकदा मांडव्याहून बोटीने मुंबईलाही दाखवून आणलं. मध्ये एकदा तर डोळा गेलाच असं वाटलं. मग हळूहळू त्या डागाच्या पिंजलेल्या कडा आखडायला लागल्या. लाली उतरली, पण या वेळी ती कुणी दाबून उतरवली नव्हती. काम संपलं म्हणून उतरली.

डोळा राहिला. आळीत पेढे वाटले. बुबुळाच्या मधोमध मात्र पांढरं फूल पडलं. त्या डोळ्याने त्याला उजेड कळतो, माणूस हलला तर कळतो. डॉक्टर म्हणाल्या, पुढे बुबुळ बदलता येईल, रांगेत नाव घालू. आणि डाव्या डोळ्याने सगळं दिसतंच आहे की. आम्ही सगळे म्हणालो, वाचला. चांगदेव मावशीच्या पाया पडला, तेव्हा बोललेल्या शब्दाची माफी मागितली. तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि विषय संपवला.

मीही खूश होते. पुढच्या हंगामात तो पुन्हा पोफळीवर चढला तेव्हा मी मुद्दाम शिवण टाकून वाडीत गेले. मावशी खाली दोर धरून उभी होती, नवं लुगडं नेसून. चांगदेव पूर्वीसारखाच सरसर वर गेला. घड कापला. "सोडतोय गोऽऽ." "सोड रंऽऽ." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग त्याने झोका घ्यायला सुरुवात केली. पोफळ वाकली, पुढच्या पोफळीच्या जवळ गेली, आणि परत आली. त्याने हात सोडले नाहीत. पुन्हा झोका. पुन्हा परत. पोफळ थांबली. तो वर तसाच धरून राहिला, एकदा मान इकडे कलवून, एकदा तिकडे कलवून पुढच्या झाडाकडे बघत. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

वरून हाक आली. ती नेहमीची नव्हती.

"मावशे, ती फुडची जवल हाय का लांब गो?"

ती झाडं त्यानेच लावलेली. डोळे मिटून त्या वाडीत फिरणारा माणूस तो. मावशीने मान वर केली. तिचे डोळे ऑपरेशनपासून लख्ख आहेत, तिला पोफळीवरचा डोंगळासुद्धा दिसतो. हाकेला उत्तर द्यायला तिला कधी वेळ लागला नव्हता. आज लागला. दोराचं टोक तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"लांब हाय," ती ओरडली. "लय लांब हाय, बाला. खाली उतर."

तो उतरायला लागला. मी वर पाहिलं. पुढची पोफळ लांब नव्हती. दोन्ही झाडांच्या झावळ्या एकमेकींना लागल्याच होत्या.